भिंतीवरची थ्री नॉट थ्री आणि कागदावरचा नेम

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला मी आप्पांबरोबर गेलो, तेव्हा सातवीत होतो. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार होऊन रिटायर झालेले. डोंगर उतरताना फुगेवाल्याची फळी लागली. लाकडी चौकटीवर रांगेनं टाचलेले फुगे, टेबलावर तीन एअरगन, पाच रुपयाला दहा छर्रे. आप्पांनी मधली बंदूक उचलली आणि पहिला छर्रा फुगे सोडून चौकटीच्या कोपऱ्यातल्या एका खिळ्यावर मारला. लागला नाही. दुसराही त्याच खिळ्यावर. तोही चुकला. दोन्ही छर्रे खिळ्याच्या उजवीकडे, चार बोटं वर, एकमेकांना खेटून लाकडात रुतले. भोवतीची कॉलेजची पोरं हसली, "मिलट्रीवाल्याचा नेम बघा की!" मग उरलेल्या आठ छर्ऱ्यांत आठ फुगे फुटले. प्रत्येक वेळी आप्पा फुग्याच्या डावीकडे, खाली, मोकळ्या फळीवर नेम धरत होते. फुगेवाल्यानं काही न बोलता ती बंदूक उचलून टेबलाखाली ठेवली.

बेळगाव-खानापूर-निपाणीच्या पट्ट्यात बंदुकीवर बोलणाऱ्यांची कमी नाही. इथं दर चार घरांमागे कुणीतरी फौजेत असतं किंवा होतं, आणि बेळगाव शहराच्या कॅम्पात १९२२ पासून मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर आहे. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची रीत अजून मोडलेली नाही. त्यामुळं दोन गोष्टी माझ्या कानावर सारख्या येतात. एक, जुन्या लष्करी रायफली, खास करून थ्री नॉट थ्री (.३०३), हौशी माणसाला आणि माजी सैनिकाला घरी ठेवू द्याव्यात. तो आमचा वारसा आहे. दुसरी, अमक्याचा नेम असा की उडता पक्षी पाडायचा. मला वाटतं, या दोन्ही बोलण्यांत एकच घोळ आहे. रायफल राखणं आणि नेम असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण एकीचा मान दुसरीला देऊन बसलो आहोत. परिणाम असा, की जुन्या रायफली वितळवायला भट्टीत जातात आणि नेम गप्पांत राहतो.

सैन्याच्या हिंदीत नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात. आप्पा गावाकडं आल्यावरही हाच शब्द वापरायचे; गलोरीनं चिंचा पाडणाऱ्या पोराला "शिस्त नीट घे" म्हणायचे आणि आम्हाला वाटायचं, सरळ उभं राहायला सांगताहेत. जुन्या मराठीतही बंदुकीची शिस्त धरणं म्हणजे नेम धरणंच. हाताची घडी, तोंडावर बोट ही शिस्त मागाहून आली.

आधी रायफलीचं बघू. मी शिक्षक आहे, आणि शिक्षकाला निवडणुकीची ड्यूटी चुकत नाही. काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत मतदानाच्या आदल्या रात्री आमच्याबरोबर बंदोबस्ताचा एक पोलीस होता, त्याच्याजवळ थ्री नॉट थ्री. जेवणं झाल्यावर त्यानं दस्त्याच्या टोकाची पितळी झडप उघडली, आतून दोरी आणि तेलाची कुपी काढली, चिंदी लावली आणि नळीतून ओढली. मी बॅटरी धरून बसलो होतो. दस्ता जिथं लोखंडाला मिळतो तिथल्या पट्टीवर उजव्या बाजूला कोरीव अक्षरं दिसली: वर मुकुट, खाली जी आर आय, मग इशापूर, साल १९४२, आणि रायफलीच्या नमुन्याचं नाव. "साहेब, हे जी आर आय काय असतंय?" त्यानंच मला विचारलं. जॉर्ज, राजा आणि सम्राट, अशी त्या लॅटिन अक्षरांची फोड करून सांगितली तेव्हा तो हसला. "म्हणजे मी सात वर्षं राजाची बंदूक घेऊन फिरतोय?"

तो खोटं बोलत नव्हता. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनलेली ती रायफल १९०७ साली आलेल्या नमुन्याची, दहा गोळ्यांच्या मॅगझिनची, चार किलोच्या आसपास वजनाची. आणखी एक गोष्ट त्या उजेडात दिसली. बोल्टवरचा, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या दांड्यावरचा नंबर आणि नळीवरचा नंबर वेगळे होते. हौशी संग्राहक अशा रायफलीकडं नाक मुरडतात. त्यांना सगळे नंबर जुळलेले हवेत, किंमत त्याचीच. मला उलट वाटलं. कुठल्यातरी कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, कुठल्यातरी साफसफाईच्या दिवशी, दोन रायफलींचे बोल्ट अदलाबदल झाले, आणि त्या चुकीची नोंद दुसरीकडं कुठंही नाही. ती फक्त त्या लोखंडावर आहे. अशी वस्तू माझ्या लेखी दस्तऐवज आहे. मोडी लिपीतला कागद आपण जपतो, तसाच.

आणि या दस्तऐवजात वाचण्यासारखं पुष्कळ आहे. १८५७ नंतर ब्रिटिशांनी देशी शिपायांसाठी १८५८ च्या नमुन्याची एक बंदूक काढली. बाहेरून ती गोऱ्या शिपायाच्या एन्फिल्ड रायफलीसारखीच दिसायची, पण आतले पीळ खरवडून नळी गुळगुळीत केलेली, आणि अंतरानुसार वर-खाली होणारी, नेम धरायची मागची पट्टी काढून तिथं एक न हलणारी खाच. पीळ नाही म्हणजे गोळीला फिरकी नाही, फिरकी नाही म्हणजे लांबवर ती कुठं जाईल याचा भरवसा नाही. त्यानंतरही बराच काळ धोरण तेच राहिलं: गोऱ्या पलटणीला नवं हत्यार, देशी पलटणीला एक पिढी मागचं. पुढं इशापूरनं काही रायफलींच्या नळ्या .४१० बोरच्या (बोर म्हणजे नळीचं आतलं माप) गुळगुळीत करून, एकावेळी एकच काडतूस बसेल अशा बनवल्या. तुरुंगाचे पहारे आणि दंगलीचा बंदोबस्त यांसाठी. त्या वापरणाऱ्याच्या हाती किती मारा द्यायचा, हे कारखान्यातच ठरलेलं. अशी एक गुळगुळीत नळी आणि एक पिळाची नळी शेजारी ठेवून मुलाला करंगळीनं आतून चाचपायला दिली, तर साम्राज्य म्हणजे काय हे सांगायला मला तासभर खडू झिजवावा लागणार नाही.

इतिहासाच्या पुस्तकात 'देशी शिपायांचा नेम कच्चा' असा शेरा कुणी मारलेला वाचला, की मला ती गुळगुळीत नळी आठवते. नेम माणसाचा मोजला होता की नळीचा?

मग ही वस्तू माणसाला घरी का ठेवू देऊ नये? माझं मत अनेकांना आवडणार नाही, पण चालती थ्री नॉट थ्री घराघरांत असावी असं मला वाटत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ती प्रतिबंधित बोरची मानली जाते आणि तिला केंद्र सरकारची खास परवानगी लागते. यामागचं कारण वेडगळ नाही. सैन्याची आणि पोलिसांची गोळी चोरीला गेली, तरी ती घरच्या बंदुकीत बसू नये, हा तो हिशेब. म्हणूनच सरकारी कारखान्यांनी सामान्य परवानाधारकांसाठी .३१५ बोरची रायफल काढली, जी रचनेनं थ्री नॉट थ्रीचीच सख्खी बहीण आहे पण काडतूस वेगळं खाते. हिशेब ब्रिटिशांच्या अविश्वासातून आला हे खरं. तरी अविश्वासातून आलेली प्रत्येक गोष्ट चूक असते असं नाही.

इथं कुणीतरी कोडगूचं नाव काढतंच. आपल्याच कर्नाटकात कोडव समाजाला आणि तिथल्या वंशपरंपरागत जम्मा जमिनींच्या धारकांना परवान्यापासून सूट आहे, ब्रिटिश काळापासून. केंद्रानं ती २०२९ पर्यंत वाढवलेलीही आहे. कैल पोळ्द या त्यांच्या शस्त्रपूजेच्या सणाला ते बंदुका पुजतात, झाडावरच्या नारळावर नेम धरतात. मग आमच्या खंडेनवमीनं काय घोडं मारलंय? प्रश्न गमतीत विचारला जातो, पण विचारणाऱ्याच्या मनात तो गंभीर असतो. मला ती मागणी नको वाटते. आमचा भाग आधीच पाटीवरच्या अक्षरांवरून पेटतो. बस अडवली, काळं फासलं, की दोन्ही बाजूंची पोरं रस्त्यावर. त्यात प्रत्येक कुळाच्या खुंटीला एक चालती रायफल टांगलेली असावी, ही कल्पना मला रात्री झोप देणारी नाही. वरातीत आमच्याकडं डीजे लावतात, हवेत गोळ्या झाडत नाहीत. ते तसंच राहू दे. खानापूरच्या जंगलकडेला ज्याचं भात रानडुकरं आणि गवे तुडवतात, त्याला पीकरक्षणाची ठासणीची बंदूक लागते. ती गरज वेगळी. तिची गल्लत वारशाशी करू नये.

पण चालती रायफल नको याचा अर्थ रायफलच नको, असा प्रशासन घेतं, आणि तिथं माझी तक्रार सुरू होते. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. आधी तीन चालत. जास्तीची जमा करायला वर्षाची मुदत. मर्यादा वारसानं आलेल्या बंदुकीलाही लागू. आमच्या परिचयातल्या एका कुटुंबात पणज्याची जुनी दुनळी होती, नळीवर नक्षी, कुत्र्याच्या तोंडासारखे घोडे. ती जमा करावी लागली. ज्या कार्यालयात दिली तिथं पोचपावती मिळाली, पुढं काय होणार हे विचारल्यावर टेबलापलीकडचा माणूस म्हणाला, "ते वरून येतंय." पावती कन्नडमध्ये आहे, त्याबद्दल तक्रार नाही, तक्रार ही की त्या पावतीवर नक्षीचा, सालाचा, बनवणाऱ्याचा एक शब्द नाही. एक बंदूक, जुनी. एवढंच.

खरं तर याच कायद्याच्या ४५ व्या कलमात वाट आहे. जुनाट नमुन्याचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही, त्याला हा कायदा अडवत नाही. म्हणजे नळी कायमची बंद करा, बोल्टचं तोंड घासून टाका, आणि तो दस्तऐवज उरतो, हत्यार उरत नाही. पण आमच्या गावाकडं ही वाट सांगणारा कुणी नसतो. माणूस ठाण्यात जातो तो घाबरून, आणि घाबरलेल्या माणसाला जमा करा हाच शब्द कळतो. माझी मागणी कोडगूची सूट नाही, ती एवढीच आहे: जमा होणाऱ्या प्रत्येक जुन्या बंदुकीची, आणि पोलीस दलं जी थ्री नॉट थ्री निवृत्त करताहेत तिची, भट्टीत जाण्याआधी नोंद व्हावी. नंबर, साल, शिक्के, फोटो. निवडक नग निकामी करून जिल्ह्यातल्या संग्रहालयात, सैनिक मंडळात, शाळेत द्यावेत. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात थ्री नॉट थ्रीला निरोप दिला होता. निरोप छानच. पण नंबर कुणी उतरवून घेतले?

हौशी संग्राहकांवर माझा राग नाही, हे सांगायला हवं. शिक्के वाचायला शिकलेला, नंबर जुळवत बसणारा, तेल पुसणारा माणूस बहुतेक वेळा सरकारी नोंदवहीपेक्षा जास्त जाणतो. माझं भांडण होतं ते तो पुढचं वाक्य बोलतो तेव्हा: माझ्याजवळ असली रायफल आहे, तेव्हा नेमाबद्दल मला विचारा. तबला विकत घेणाऱ्यानं ताल समजावू नये.

आता नेम. यात्रेतल्या त्या दोन वाया गेलेल्या छर्ऱ्यांत नेमबाजीची सगळी परीक्षा आहे. दोन्ही छर्रे चुकले, पण एकाच जागी चुकले. म्हणजे माणूस पक्का, बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, वाकडी. उलट एखाद्याचे दहा छर्रे फळीभर विखुरले आणि त्यातला एक नेमका फुग्याला लागला, तर पोरं टाळ्या वाजवतात. त्याचा अर्थ माणूस कच्चा आणि नशीब बरं. सैन्यात म्हणूनच रंगरुटाला आधी बुल, म्हणजे टार्गेटचा मध्य, मारायला सांगत नाहीत. आधी ग्रुप दे, म्हणजे गोळ्यांचा घोळका एका जागी आण. मग त्या घोळक्याला माशी सरकवून मध्यावर नेणं हे पाच मिनिटांचं काम. ते झिरोइंग. माणूस सुधारायला महिने लागतात.

एक गोळी काहीच सांगत नाही. २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरच्या किल्ल्यापुढं इंग्रज कलेक्टर थॅकरे पडला. ती गोळी राणी चन्नम्माच्या बाजूनं लढणाऱ्या अमटूर बाळप्पाची, असं आपल्याकडं अभिमानानं सांगतात. त्या गोळीनं जे केलं ते केलंच. पण त्यावरून बाळप्पा दहातल्या किती मारायचा हे ठरवता येणार नाही, आणि ठरवायची गरजही नाही. त्याचं मोठेपण वेगळ्या जागी आहे. तसंच मराठा रेजिमेंटच्या दोन व्हिक्टोरिया क्रॉसचं. १९४४ साली इटलीत यशवंत घाडगे मशीनगनच्या ठाण्यावर एकटे धावून गेले, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा टॉमीगन उलटी धरून दस्त्यानं लढले. १९४५ मध्ये नामदेव जाधवांनी तशाच माऱ्यात आधी जखमी सोबती वाहून आणले, मग ठाण्यांवर चाल केली. या कहाण्या ऐकून पोरं म्हणतात, काय नेम असेल! अरे, नेमाचा तिथं प्रश्नच नव्हता. शौर्याला नेमाचं प्रशस्तिपत्र लागत नाही.

नेम मोजायचा तर अंतर, बसण्याची पद्धत, गोळ्यांची संख्या आणि वेळ, चारही सांगावं लागतं. शंभर मीटरवर एक कोनमिनिट (अंशाचा साठावा भाग) म्हणजे साधारण २९ मिलिमीटर. एखादी जुनी लष्करी रायफल वाळूच्या पोत्यावर टेकवूनही चार कोनमिनिटांचा घोळका देत असेल, तर तिच्यावर एक कोनमिनिटाचा नेम सांगणारा माणूस एकतर तीन गोळ्या झाडून थांबला आहे किंवा थापा मारतोय. तीन गोळ्यांचा घोळका दहापेक्षा बहुधा लहानच निघतो. नशीब उलटण्याआधी थांबलं, की कुणीही नेमबाज.

खरी मोजणी कशी असते ते बघायला आपल्याला लांब जावं लागत नाही. निपाणीहून फोंड्याकडं जाणारा रस्ता राधानगरीवरून जातो. त्या तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेऊन गेला. त्या शेवटच्या दशांशाकडं बघा. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारातली, विश्वविजेती झाली, तीही मोजलेल्या गुणांवर. १० मीटर एअर रायफलीत दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेनाच्या टोकाएवढा, आणि तिथं साठ गोळ्या मारायच्या. तिथं आजोबा कुठल्या पलटणीत होते, घरी कुठली रायफल आहे, हे कुणी विचारत नाही. कागद दाखवा.

आणि आमच्याकडं? माझ्या शाळेतली एनसीसीची मुलं कॅम्पला जाऊन पॉइंट टू टू रायफलीच्या मोजक्या गोळ्या झाडून येतात, आणि ते सांगायला त्यांना वर्ष पुरतं. त्यातली एक मुलगी, बापाचं किराणा दुकान, पाच गोळ्या एका लिंबाखाली झाकतील अशा टाकून आली. कॅम्पातला शिकवणारा उस्ताद म्हणाला, पोरगीला रेंज द्या. कुठली रेंज? लष्कराची आहे ती लष्करासाठी. खाजगीत जायचं तर रायफलीपासून जाकिटापर्यंतचा खर्च किराणा दुकानाला झेपणारा नाही. १० मीटरला मात्र शाळेचं साधं सभागृह पुरतं, एका टोकाला जाड पत्र्याची आणि रबराची आड. साडेचार मिलिमीटरच्या, ताकदीच्या ठरलेल्या मर्यादेखालच्या एअर रायफलीला परवान्याची भानगडही नाही. शौर्यगाथेचे फ्लेक्स लावायला दर वर्षी जो पैसा जमतो, त्यात नेमबाजीच्या अशा दोन गल्ल्या उभ्या राहतील. मी हे दोन बैठकांत मांडलं. दोन्ही वेळा कुणीतरी उठून म्हणालं, त्यापेक्षा चौकात तोफेची प्रतिकृती बसवू.

आप्पा गेले त्याला आता बारा वर्षं झाली. त्यांच्या ट्रंकेत बंदूक नव्हती, कधी घेतलीच नाही. दोन पदकं, पेन्शनची कागदपत्रं, आणि घडीवर फाटत आलेला टार्गेटचा एक कागद निघाला. पाच भोकं, त्यांच्याभोवती जुना रुपया ठेवून पेन्सिलीनं ओढलेलं वर्तुळ, सगळी आत. मी पट्टी लावली: वर्तुळ २८ मिलिमीटरचं. कोपऱ्यात '२५ यार्ड, १९६१'. मी लगेच हिशेब मांडला, २५ वर रुपयात, म्हणजे त्याच कोनात ३०० वर सुमारे ३४ सेंटीमीटर, माणसाच्या छातीएवढं. रंगरुटाला बरा ग्रुप. थोर नाही. आप्पा असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं.

खाली नाव असेल म्हणून मी कागद उजेडात धरला. नाव नव्हतं. रायफलीचा बट नंबर, म्हणजे दस्त्यावरचा क्रमांक होता, आणि त्यापुढं दोन शब्द: 'उजवीकडे फेकते'.